वाकेन, पण मोडणार नाही!

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हा बाणा आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. माणसांच्या बाबतीत तो शोभतही असेल. पण डोंगरातल्या कच्च्या वाटेने उतरणाऱ्या जीपच्या स्टिअरिंगने जर असा बाणा दाखवला, तर आत बसलेल्यांची धडगत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या मध्यावर मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहण्यासाठी आम्ही वेल्हे तालुक्यातल्या एका पठारावर गेलो होतो. विद्यार्थी पायी वर चढले होते. दुर्बीण, बॅटऱ्या आणि सतरंज्या न्यायला एक जुनी भाड्याची जीप होती. पहाटे परत उतरताना एका ओढ्याच्या पात्रात पुढचे डावे चाक पाण्याखालच्या दगडावर आदळले. ‘खाड्’ असा आवाज झाला आणि स्टिअरिंगला हिसका बसला. ड्रायव्हर मामांनी गाडी कशीबशी पलीकडे घेतली आणि खाली उतरून पाहिले. पुढची दोन्ही चाके फेंगडी झाली होती! एक पूर्वेला पाहत होते, तर दुसरे पश्चिमेला.

दोन्ही चाकांना जोडणारा लोखंडी दांडा धनुष्यासारखा वाकला होता. मामा शांतपणे म्हणाले, “सर, वाकला म्हणून वाचलो. तुटला असता तर पुढच्या वळणावर खाली दरीत.”

तेवढ्यात बारावीच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग तिथे अंगठ्याएवढाच गज का घालतात? चांगला मनगटाएवढा का नाही घालत?” प्रश्न साधा वाटतो. उत्तर द्यायला मात्र मला घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागले. ते उत्तर आज तुम्हांलाही सांगतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. ड्रायव्हर चाक फिरवतो, तेव्हा स्टिअरिंगच्या दांडीचे खालचे टोक एका पेटीत शिरते. तिला स्टिअरिंग बॉक्स म्हणतात. पेटीतल्या दातेरी रचनेमुळे फिरण्याचा वेग कमी होतो आणि त्या प्रमाणात जोर वाढतो. पेटीतून एक आखूड हात बाहेर येतो, तो ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ढकलतो, आणि ड्रॅग लिंक पुढच्या एका चाकाला वळवते. मग दुसरे चाक कोण वळवते? दोन्ही चाकांच्या मागच्या बाजूला एकेक छोटी भुजा असते. त्या भुजांना जोडणारा एक लांब आडवा दांडा असतो. एक चाक वळले की हा दांडा दुसऱ्याला वळायला लावतो. हाच टाय रॉड. (वळताना आतले चाक बाहेरच्यापेक्षा थोडे अधिक वळावे लागते. त्यासाठी या भुजा किंचित तिरक्या ठेवतात. घोडागाड्यांसाठीच्या या युक्तीचे पेटंट लंडनमध्ये १८१८ साली रुडॉल्फ आकरमान यांनी घेतले. मोटार तेव्हा जन्मालाही यायची होती!)

आता दगडाचा धक्का पाहा. चाक ज्या उभ्या आसाभोवती वळते, त्याला किंग पिन म्हणतात. चाक जमिनीला टेकते ती जागा या आसाच्या रेषेच्या थोडी बाहेर असते. समजा, हे अंतर ८ सेंटिमीटर आहे आणि दगडाने चाकाला १०,००० न्यूटन बलाने, म्हणजे साधारण एक टन वजनाइतक्या जोराने मागे ढकलले. मग चाक वळवू पाहणारे आघूर्ण १०,००० × ०·०८ = ८०० न्यूटन-मीटर झाले. मागच्या भुजेची लांबी १५ सेंटिमीटर धरली, तर टाय रॉडवर येणारे बल ८०० ÷ ०·१५ म्हणजे सुमारे ५,३०० न्यूटन. चाकाचा पुढचा भाग बाहेर फाकतो, म्हणून भुजेचे मागचे टोक आत येते आणि दांडा दोन्ही टोकांकडून दाबला जातो. ‘दाबला जातो’ हे शब्द लक्षात ठेवा. सगळी गंमत त्यांतच आहे.

पोलादाची तार ओढून तोडणे अवघड असते हे तुम्हांला माहीत आहे. सायकलच्या चाकाची तार (स्पोक) घ्या. जाडी फक्त २ मिलिमीटर. तिला वर्गातला सर्वात वजनदार मुलगा लोंबकळला, तरी ती तुटणार नाही. आता तीच तार उभी धरून वरून दाबली तर?

हा प्रयोग घरी करण्याजोगा आहे, फक्त एखादे मोठे माणूस जवळ असू द्या आणि डोळे तारेच्या रेषेत आणू नका. तारेचे वाकडे डोके आणि आट्यांचे टोक कापून २८ सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर बाटलीचे पत्र्याचे बूच उपडे ठेवून त्यात छोटासा खळगा पाडा आणि तारेचे टोक त्यात टेकवा. वरच्या टोकावर तसेच दुसरे बूच ठेवून हळूहळू दाबा. काटा साधारण २ किलोवर पोचला, की तार अचानक एका बाजूला कमान टाकते. आणखी जोर लावा, काटा फारसा पुढे सरकत नाही, कमान मात्र वाढत जाते. सोडली की तार पुन्हा सरळ! म्हणजे पोलाद चिरडले नाही, त्याची ताकद संपली नाही. फक्त सरळ उभे राहणे त्याला जमेनासे झाले.

आता त्याच तारेचा १४ सेंटिमीटरचा तुकडा घेऊन पाहा. किती वजन लागेल? दुप्पट? नाही, चौपट! जवळजवळ ८ किलो.

लांब बारीक दांडा दाबाखाली कधी बाक टाकतो, याचे गणित लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञाने १७४४ साली प्रसिद्ध केले. तेव्हा पोलादी पूल नव्हते, आगगाड्या नव्हत्या. त्याला वक्ररेषांच्या गणिताचे कुतूहल होते, एवढेच. त्याचे सूत्र असे:

बाक आणणारे बल = (पाय × पाय × य × ज) ÷ (ल × ल)

‘पाय’ म्हणजे वर्तुळाचा नेहमीचा पाय, ३·१४. ‘य’ हा यंगचा गुणांक, म्हणजे पदार्थाचा ताठरपणा. पोलादासाठी तो दर चौरस मीटरला सुमारे २ लाख दशलक्ष न्यूटन असतो. ‘ल’ ही लांबी. आणि ‘ज’ म्हणजे दांड्याच्या छेदातले द्रव्य मध्यापासून किती दूर पसरलेले आहे, याचे माप. भरीव गोल गजासाठी ते व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. पण या सूत्रात पोलाद किती मजबूत आहे, याचा उल्लेखच नाही. साधे लोखंड घ्या किंवा उंची मिश्र पोलाद घ्या, ‘य’ जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून सरळ, सडपातळ दांडा महागडे पोलाद वापरले तरी त्याच बलाला बाक टाकतो. फरक पडतो तो नंतर, सोडल्यावर पुन्हा सरळ होतो की कायमचा वाकडा राहतो, यात.

मी जीपमधल्या त्या दांड्याची मापे घेतली. भरीव गज, व्यास २० मिलिमीटर, लांबी ११० सेंटिमीटर. नुसते चिरडण्याचा विचार केला, तर तो सुमारे ७८,००० न्यूटन सहन करील. पण ऑयलरच्या सूत्रात आकडे घातले, की उत्तर येते १२,८०० न्यूटन. सहावा हिस्सा!

मामांनी तेव्हा एक गोष्ट सांगितली होती, तिचा अर्थ मला हे गणित करताना लागला. तिथे मुळात पोकळ नळी होती. ती खराब झाल्यावर कोण्या गॅरेजमध्ये “पोकळ कशाला, भरीवच टाकू, कायमचे काम होईल” असे सांगून हा गज बसवला होता. तुम्हीही कदाचित तसेच म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण हिशेब करून पाहा. गजातले तेवढेच लोखंड घेऊन बाहेरून ३० मिलिमीटर आणि आतून सुमारे २२ मिलिमीटर व्यासाची नळी केली, तर वजन तेवढेच राहते. ‘ज’ मात्र साडेतीनपट होतो, कारण द्रव्य मध्यापासून दूर गेले. बाक आणणारे बल १२,८०० वरून ४४,८०० न्यूटनवर जाते. मधले लोखंड फुकटचे भाडेकरू असते. जागा अडवते, काम थोडेच करते.

बांबूला हे कोणी शिकवले नाही. तो पोकळ आहे म्हणूनच एवढा उंच आणि हलका राहून वाऱ्यात टिकतो. मग नळी आणखी रुंद आणि आणखी पातळ का करू नये? पातळ पत्र्याचा डबा बोटाने दाबून पाहा. आख्खी नळी बाक टाकायच्या आधी तिची भिंतच चेपते. बांबूने त्यावर पेरांचा उपाय केला आहे. जीपच्या नळीला पेरे नसतात, आणि तिला खालून दगड लागतात. म्हणून भिंत बऱ्यापैकी जाड ठेवावी लागते.

तुम्ही विचाराल, दगडाने आले ५,३०० न्यूटन आणि दांडा पेलतो १२,८००. मग वाकला कसा? अगदी रास्त शंका आहे. याची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की त्या जीपला मालकाने हौसेने रुंद टायर आणि बाहेर काढलेल्या रिमा बसवल्या होत्या. दिसायला गाडी मोठी झोकदार! पण चाक बाहेर गेले, की किंग पिनपासूनचे ते ८ सेंटिमीटरचे अंतर वाढते. ते १६ झाले, तर त्याच दगडाने दांड्यावर १०,६०० न्यूटन येतात. टायर मोठा झाला की त्याचे जडत्वही वाढते. गाडीचा मूळ आराखडा करणाऱ्याने दांडा कमकुवत केला नव्हता. आपण त्याच्यावर येणारा भार दुप्पट केला.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. ऑयलरचे सूत्र तंतोतंत सरळ दांड्यासाठी आहे. आमचा दांडा आधीच एकदा दगडाला लागून थोडा वाकलेला होता, असे मामांनी कबूल केले. आधीचा बाक असला, की दाब मध्यरेषेतून न जाता बाजूने जातो आणि बाक वाढवतो. बाक वाढला की आघूर्ण वाढते, त्याने बाक आणखी वाढतो. समजा, आधी मध्यभागी २ सेंटिमीटर बाक आहे. ऑयलरच्या निम्मे, म्हणजे ६,४०० न्यूटन बल लावले, तर हा बाक दुप्पट, म्हणजे ४ सेंटिमीटर होतो. तेवढ्याने दांड्याच्या कडेच्या थरात दर चौरस मिलिमीटरला ३२५ न्यूटनहून अधिक ताण निर्माण होतो. साधे पोलाद सुमारे २५० ला कायमचे वाकू लागते. म्हणजे निम्म्या बलालाच कारभार आटोपला! ‘थोडासाच तर वाकलाय’ असे म्हणून तसाच वापरलेला दांडा प्रत्येक धक्क्यागणिक दुबळा होत जातो, तो असा.

आमच्या दांड्याला मध्यभागी ८ सेंटिमीटर बाक आला होता. दोन टोकांतले अंतर त्यामुळे केवळ १२ मिलिमीटरनी घटले. पण १५ सेंटिमीटरच्या भुजांवर हे १२ मिलिमीटर म्हणजे दोन चाकांच्या दिशांत जवळजवळ साडेचार अंशांचा फरक. अशा गाडीची दोन चाके मिळून दर किलोमीटरला ७८ मीटर आडवी घासत जातात. टायरचे काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

मामांनी दांडा काढला, ऐनाच्या झाडाच्या बेचकीत त्याचे मधले वळण अडकवले आणि दोन धडधाकट मुलांना टोक ओढायला लावले. दांडा आला की सरळ! ज्याला लांबीच्या दिशेने दाबायला तेराशे किलो वजन लागते, तो आडवा ओढला तर साठ-पासष्ट किलोला वाकतो. अर्धा मीटर भुजेची करामत. त्या दांड्यावर आम्ही पायी चालण्याच्या वेगाने गावापर्यंत आलो आणि तिथेच तो बदलला.

‘सरळ झाला होता ना, मग बदलला कशाला?’ कारण पोलादाला आठवण असते. एकीकडे कायमचे वाकवलेले पोलाद उलट दिशेने नेहमीपेक्षा कमी ताणाला वाकू लागते. जर्मन अभियंता योहान बाउशिंगर याने एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले आणि आजही या गुणाला त्याचेच नाव आहे. त्याशिवाय वाकण्याच्या जागी सूक्ष्म भेगा पडल्या नसतील, याची खात्री नुसत्या डोळ्यांनी देता येत नाही.

या भेगांचा इतिहास भयंकर आहे. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. त्या काळी पुष्कळ अभियंत्यांना वाटे, की हादऱ्यांनी लोखंडाचे धागे जाऊन ते दाणेदार होते. (लोखंड मुळातच स्फटिकमय असते; मोडल्यावर ते फक्त दिसते.) विल्यम रँकिन या तरुण अभियंत्याने मोडलेले आस तपासले आणि दाखवले, की भेग जाडी एकदम बदलते त्या तीक्ष्ण कोपऱ्यात सुरू होते आणि हळूहळू आत सरकते. पुढे ऑगस्ट व्हलर याने आगगाड्यांच्या आसांवर वर्षानुवर्षे प्रयोग केले आणि सिद्ध केले, की एका फटक्यात न मोडणारा ताण लाखो वेळा आलटून-पालटून दिला, तर पोलाद मोडते. ताण विशिष्ट मर्यादेखाली ठेवला, तर मात्र ते जवळजवळ कायम टिकते. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

स्टिअरिंगमध्ये थकव्याची जागा टाय रॉडचा मधला भाग नव्हे. ती जागा असते टोकांच्या बॉल जॉइंटची मान. गोळा आणि त्याची दांडी जिथे मिळतात, तिथे जाडी एकदम बदलते, आणि दर खड्ड्याला तिथे ताण उलटसुलट होतो. वर रबरी टोपी फाटली, चिखल शिरला, तर गोळा झिजून खुळखुळू लागतो आणि मग साध्या ढकलण्याऐवजी ठोके बसतात. मोडलेली मान हातात घेऊन पाहा: एका कडेपासून शिंपल्यावरच्या सारखी वलये पसरलेली दिसतात, ती जुनी, काळवंडलेली भेग, उरलेला खरखरीत, चकचकीत भाग शेवटच्या क्षणी तुटलेला. ती वलये म्हणजे भेगेने महिनोन्‌महिने लिहिलेली डायरीच. वाचायला कोणी नव्हते, इतकेच.

इथेच आपला सुरुवातीचा बाणा आठवा. खडू वाकत नाही, मोडतो. तार वाकते. पोलादात कार्बन वाढवून, तापवून पाण्यात बुडवून ते खडूच्या दिशेने नेता येते: कठीण, पण ठिसूळ. स्टिअरिंगच्या भुजा म्हणूनच ओतीव लोखंडाच्या न करता पोलाद तापवून, घडवून करतात, आणि कठीण केल्यावर पुन्हा बेताचे तापवून त्यांचा ठिसूळपणा घालवतात. रस्त्याकडेला मोडलेली भुजा वेल्डिंग करून देणारे भेटतात. वेल्डिंगच्या कडेचा भाग लालबुंद होऊन आजूबाजूच्या थंड लोखंडामुळे झटकन निवतो आणि नेमका खडूसारखा होतो. डाग वरून सुरेख दिसतो. त्या गाडीत मी बसणार नाही, आणि तुम्हीही बसू नये.

आता त्या विद्यार्थिनीच्या मनगटाएवढ्या गजाचे काय? घराच्या फ्यूजमध्ये जाड तार घातली तर फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. तसेच इथे आहे. दांडा फारच बळकट केला, तर दगडाचा धक्का पुढे जातो तो भुजेवर, बॉल जॉइंटच्या मानेवर किंवा स्टिअरिंग बॉक्सच्या दात्यांवर. आणि हे भाग वाकत नाहीत, तुटतात. टाय रॉड वाकला तर चाके फेंगडी होतात, गाडी ओढ घेते, पण दोन्ही चाके जोडलेली राहतात आणि ड्रायव्हरला थांबायला वेळ मिळतो. माझे मत विचाराल तर जीपला चांगली जाड भिंतीची नळी बसवावी, पण तिने भुजेच्या आधी वाकावे एवढीच तिची ताकद असावी. काही हौशी मंडळी नेमके उलट करतात, आणि वर दांड्याचा जाडपणा कौतुकाने दाखवतात.

१९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जोडणी सुरू झाली. तेव्हापासून आपल्या डोंगरी गावांत या गाड्या आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या धावत आल्या आहेत. तुमच्या गावात एखादी उभी असेल, तर मालकाला विचारून पुढून वाकून पाहा. दांडा आसाच्या मागे आहे की पुढे? मागे असेल तर आस त्याला दगडांपासून वाचवतो, पण धक्क्याने तो दाबला जातो. पुढे असेल तर त्याच धक्क्याने तो ओढला जातो. पण दगड सरळ त्यालाच लागतो. नटमधून आरपार घातलेली स्प्लिट पिन जागेवर आहे का, तेही पाहा. ती नसेल, तर नट हादऱ्यांनी सुटत जातो. ट्रॅक्टर मिळाला तर आणखी चांगले. त्याचे सगळे उघड्यावरच असते.

आमचा तो गज गॅरेजवाला भंगारात टाकणार होता. मी तो मागून घेतला. आज तो प्रयोगशाळेत खिडकीजवळ उभा आहे. लांबून पाहिले तर सरळ दिसतो. त्याच्याशेजारी दोरा ताणून धरला, की मधोमध अजून ६ मिलिमीटर फट राहते. दर वर्षी नव्या वर्गाला मी ती मोजायला लावतो.